आजीचा शिळा सण

माझी आजी रेवदंड्यात जन्मली, नारळी-पोफळीच्या वाडीत वाढली आणि सत्त्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात तिने एकदाही कोलंबी खाल्ली नाही. तिसऱ्या नाहीत, कालवं नाहीत, कुर्ल्या नाहीत. शेजारच्या घरातून कोलंबीच्या कालवणाचा वास यायचा तेव्हा ती दार लावून घ्यायची नाही की नाकाला पदर लावायची नाही. उलट म्हणायची, "त्यांची आज चंगळ आहे." तिचा नियम सोपा होता. ज्याला पर आणि खवले आहेत तो मासा आपला, बाकीचा समुद्र देवाने दुसऱ्यांसाठी केला.

आम्ही बेने इस्राएल. कोकणातले यहुदी. जुन्या लोकांच्या तोंडी शनवार तेली, कारण घाणा चालवणारी ही माणसं शनिवारी बैल सोडून ठेवायची. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून आमची वस्ती वाढली, ही गोष्ट आमच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. हे केव्हा घडलं यावरून इतिहासकार भांडतात. आजीला त्या भांडणात रस नव्हता. नवगावला समुद्रात बुडालेल्यांच्या कबरी आहेत, तिथे आपण जातो, एवढं तिला पुरेसं होतं.

तिच्या आवडीची गोष्ट दुसरी होती. डेव्हिड राहाबी नावाचा कोणी परदेशी यहुदी कधीतरी कोकणात आला. त्याला शंका आली की शनिवारी काम न करणारी ही तेली माणसं आपल्यातलीच असावीत. खात्री कशी करायची? त्याने बायकांना निरनिराळे मासे एकत्र आणून दिले आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर-खवल्यांचे मासे निवडून घेतले, उरलेले बाजूला सारले. राहाबीची खात्री पटली. मग त्याने तीन पुरुषांना हाताशी धरून हिब्रू आणि धर्मविधी शिकवले. आजी ही गोष्ट इथपर्यंत आणायची आणि पुढे स्वतःचं शेपूट जोडायची, "परीक्षा दिली बायकांनी, काजी झाले पुरुष." आमच्यात धर्मविधी चालवणाऱ्याला काजी म्हणायचे.

तिला हिब्रू वाचता येत नव्हतं. 'शेमा' ही रोजची प्रार्थना तोंडपाठ होती, त्यातल्या शब्दांचे अर्थ तिने कधी विचारले नाहीत. तिचा धर्म स्वयंपाकघरातून आणि पंचांगातून आलेला. मटण नारळाच्या दुधात शिजायचं, कारण मांसाबरोबर गाई-म्हशीचं दूध चालत नाही. कोकणात नारळ नसता तर आमच्या लोकांचा धर्म कसा टिकला असता, असा मला नेहमी प्रश्न पडतो. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा वार लागतो, म्हणून दिवस मावळायच्या आत घर सारवून, पांढरी चादर अंथरून, पेल्यात पाणी आणि वर खोबरेल घालून वात लावायची. द्राक्षाची दारू मिळणं मुश्कील, म्हणून काळे मनुके भिजवून, चुरून, गाळून केलेलं सरबत किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या आशीर्वादाला. वर्षाचे सणही तिच्या तोंडी मराठीच होते. नव्याचा सण, उपास करून देवाची माफी मागायचा दारफाळणीचा सण आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण, वालांच्या बिरड्याचा रोजा. आषाढी आणि गौरी-गणपती जसे शेजारणींच्या बोलण्यात यायचे तसेच हेही यायचे. कोणाला त्यात वेगळं काही वाटायचं नाही.

लग्न होऊन ती मुंबईला आली. सासर मांडवीजवळच्या इस्राएल मोहल्ल्यात, चाळीतल्या दीड खोलीत. आजोबा ससूनच्या गिरणीत विणकाम खात्यात. जवळच 1796 सालची जुनी मशीद. आमचे लोक प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणायचे, आणि मस्जिद स्टेशनचं नाव आमच्या मशिदीवरून पडलं असं आमच्यात सगळे छातीठोकपणे सांगतात. ती बांधली सॅम्युएल एझकेल दिवेकर या फौजेतल्या माणसाने. टिपूच्या कैदेतून सुटलो तर देवाचं घर बांधीन, असा त्याचा नवस होता म्हणतात. आजीला ते फार पटायचं. देवाला काही मागायचं आणि मिळाल्यावर चोख फेडायचं. उधारी ठेवायची नाही.

तिच्याबद्दल लिहायला बसल्यावर सगळे गोड तेवढंच सांगतात. मी तिच्या घरातली दुसरी बाजूही ऐकली आहे. माझ्या मोठ्या काकांना साधारण 1957 च्या सुमाराला मोहल्ल्यातलीच एक मुलगी आवडली होती. शिकलेली, शाळेत शिकवणारी. आजीने नाही म्हटलं. कारण एकच. ते घर काळ्या इस्राएलांचं होतं. आमच्यात पूर्वी हा भेद होता आणि तो कातडीच्या रंगाचा नव्हता. ज्यांच्या कुळात कधीतरी बाहेरची बाई आली असं मानलं जायचं ते काळे, बाकीचे गोरे. एका मशिदीत बसायचे, सोयरीक मात्र करायचे नाहीत. जातींच्या देशात इतकी शतकं राहिल्यावर आम्हीही आमची जात घडवून घेतली होती. आजीकडे त्या घराविरुद्ध पुरावा काय होता? तिच्या सासूने सांगितलं होतं. सासूला कोणी सांगितलं होतं ते विचारायची पद्धत नव्हती.

काकांनी वर्षभर आजीशी बोलणं टाकलं. मग दुसरीकडे लग्न झालं. त्या मुलीचं घर पुढे इस्रायलला गेलं.

1960 मध्ये आजीही गेली. भारतात आम्हाला कोणी त्रास दिला नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण यहुदी देश सोडून गेले म्हटलं की लोकांना दंगली आणि जाळपोळ आठवते. आमच्यातले कोणी नोकरीसाठी गेले, कोणी आधी गेलेल्या भावंडांपाठी गेले, कोणी धर्मासाठी. स्वातंत्र्याच्या वेळी विसेक हजार असलेले आम्ही 2011 च्या जनगणनेत, सगळ्या देशातले सगळ्या प्रकारचे यहुदी मिळून, पाच हजारांच्याही आत उरलो. आजीच्या ओळखीतली काही माणसं तर जाऊन परतही आली होती. 1951-52 मध्ये तिथे मिळणाऱ्या वागणुकीवर चिडून काहींनी धरणं धरलं आणि आम्हाला मुंबईला परत पाठवा म्हणून हट्ट केला. ती माणसं मोहल्ल्यात येऊन काय काय सांगायची. तिथे थंडीत कुडकुडायला होतं, पाव देतात तोही काळा, आपल्याला हिंदी म्हणून हिणवतात.

आजीने सगळं ऐकून घेतलं. पेसाहच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या रात्री आमच्याकडे मराठी हगादा, त्या सुटकेच्या कथेची पोथी, वाचली जायची. पुण्यात 1874 साली छापलेल्या हगादेत तर बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका चक्क लुगड्यात काढल्या आहेत. त्या रात्रीच्या शेवटी म्हणायचं असतं, पुढल्या वर्षी जेरुसलेमात. आजी म्हणाली, "इतकी वर्षं दरसाल देवाला सांगतोय येतो येतो म्हणून. आता दार उघडलंय आणि नाही गेलो तर ती थाप ठरेल." तिच्या लेखी विषय संपला. माझे बाबा तेवढे राहिले. त्यांना परळच्या रेल्वे वर्कशॉपात कायमची नोकरी लागली होती आणि नुकतंच लग्न ठरलं होतं. पुढे त्यांनी ठाण्याला घर केलं, आणि म्हणून मी ठाणेकर.

तिच्या पेटीत काय गेलं याची यादी बाबांना पाठ होती. पाटा-वरवंटा न्यायचा हट्ट आजोबांनी मोडून काढला, पण विळी गेली. कोकमं, तिरफळं, जाडे पोहे, दोन नऊवारी, हगादा. आणि कापडाच्या पुरचुंडीत जेरुसलेमची माती. कधीकाळी कोणा यात्रेकरूने तिच्या सासऱ्यांना आणून दिलेली ती मूठभर माती घरात जपून ठेवलेली होती, मयताच्या उशाशी ठेवायला. परक्या देशात मरणाऱ्याला तेवढाच पवित्र भूमीचा स्पर्श. बाबा हसून म्हणाले, "आई, तू तिथेच चाललीस ना? माती तिथे पायाखाली असेल." आजीने पुरचुंडी पेटीच्या तळाशी सारली. "देवाच्या नावाने ठेवलेली वस्तू आहे, टाकायची कुठे?"

त्यांना घर मिळालं दिमोनाला. नेगेवच्या वाळवंटात 1955 साली वसवलेलं गाव, सरकारी ठोकळ्यासारख्या इमारती, एका साच्यातल्या. मोरोक्कोचे लोक आणि आमचे लोक, असा शेजार. आजोबांना कापडगिरणीत काम लागलं. परळची गिरणी सोडून वाळवंटातल्या गिरणीत आले, एवढाच काय तो फरक, असं ते म्हणायचे. आजीला मात्र पहिला प्रश्न पडला तो समुद्राचा. कोणीतरी सांगितलं, जवळच आहे, पण तो मृत समुद्र. त्यात मासा जगत नाही. त्यावर तिने बाबांना लिहिलेलं वाक्य आमच्या घरात अजून वापरात आहे: "येथील समुद्र फक्त दिसावयास आहे." बाजारात मिळायचा तो कार्प, तळ्यात वाढवलेला. त्याला पर होते, खवले होते, शास्त्राला पूर्ण धरून होता, आणि आजीला तो जन्मभर आवडला नाही. चिखलाची चव लागते म्हणायची. चिंच आणि तिरफळ घालूनही लागते म्हणायची.

भाषा ती शिकली नाही. शिकवणीच्या वर्गात चार दिवस जाऊन आली आणि मग घरी काम आहे म्हणून सुटली. आकडे, भाजीची नावं, 'किती' आणि 'महाग' एवढ्यावर तिने चाळीसहून जास्त वर्षं काढली. वरच्या मजल्यावरची मोरोक्कन बाई अरबीत बोलायची, ही मराठीत, आणि दोघींची मुलं मध्ये दुभाषे म्हणून उभी केली की दोघी चिडायच्या.

मग ते प्रकरण आलं. कोकणातल्या आमच्या माणसांना त्याचं गांभीर्य कधी नीट कळलंच नाही. इस्रायलमध्ये यहुद्यांची लग्नं धर्माधिकाऱ्यांकडूनच लागतात, दुसरी सोय नाही. काही रब्बींना आमच्याबद्दल शंका होती. इतकी शतकं हे लोक एकटे राहिले, घटस्फोटाचे शास्त्रोक्त विधी यांना ठाऊक नव्हते, तर मधल्या पिढ्यांत धर्माला न चालणारी लग्नं झाली नसतील कशावरून? 1962 मध्ये मुख्य रब्बींच्या कचेरीतून सूचना निघाली. बेने इस्राएल माणसाचं बाहेरच्या यहुद्याशी लग्न नोंदवायचं असेल तर आधी त्याच्या आईची, आजीची, पणजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा.

शंका घेणारे हे काही पहिले नव्हते. मुंबईतल्या बगदादी यहुद्यांनी 1836 मध्येच आमच्या आणि त्यांच्या कबरींमध्ये भिंत घालून द्या म्हणून सरकारकडे अर्ज केला होता. पण ती श्रीमंतांची मिजास होती, तिच्याकडे दुर्लक्ष करता यायचं. इथे देवाच्या देशात देवाच्याच नावाने विचारणा होत होती.

माझ्या आत्याचं लग्न त्याच सुमाराला एका इराकी घरातल्या मुलाशी ठरलं होतं. मुलाकडच्यांची हरकत नव्हती. नोंदणीच्या टेबलामागे बसलेल्या माणसाने मात्र कागद परत दिला आणि आजीला तिच्या आजीच्या आईचं नाव विचारलं. तिचं लग्न कोणी लावलं, साक्षीदार कोण होते. आत्या भाषांतर करत होती. आत्या सांगते, आजी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "याला विचार, त्याच्या आजीच्या आईचं नाव काय." आत्याने ते विचारलं नाही. विचारलं असतं तरी कागद पुढे सरकला नसता.

तिचं देवाशी कधीच भांडण झालं नाही. पुढे दोन मुलं गेली, आजोबा गेले, तरी नाही. देवाच्या कारकुनांशी मात्र तिने त्या दिवशी उभा दावा मांडला. 1964 च्या उन्हाळ्यात देशभरातले बेने इस्राएल जेरुसलेमात जाऊन रस्त्यावर बसले. बायका, म्हातारी माणसं, कडेवरची पोरं. आजीही गेली. आयुष्यात कधी मोर्च्यात न गेलेली बाई, डोक्यावर पदर घेऊन परक्या शहराच्या फुटपाथवर बसली. तिथे तिला काळजी होती ती शब्बाथची. उघड्यावर दिवा विझला तर? पुन्हा लावता येणार नाही. तेव्हा कोणाकडून तरी तिने रिकामी बरणी मिळवली आणि वात तिच्यात लावली. आंदोलनाबद्दल तिला कधीही विचारलं तरी ती या बरणीबद्दलच बोलायची. भाषणं कोणी केली, पंतप्रधान लेव्ही एश्कोल काय म्हणाले, यातलं तिला काही आठवत नव्हतं.

ऑगस्ट 1964 मध्ये तिथल्या संसदेने, क्नेसेटने, ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत आणि त्यांच्यात व इतरांत भेद करू नये. सूचनेतून आमचं नाव गेलं. पुढच्या काही महिन्यांत आत्याचं लग्न झालं. इराकी व्याह्यांच्या मांडवात मेंदीची रात्र झाली, हिरव्या बांगड्या भरल्या आणि नवरीच्या गळ्यात मंगळसूत्रही पडलं. इराकी सासूला ते काळे मणी इतके आवडले की तिने स्वतःसाठी एक मागून घेतलं.

आजोबा 1971 मध्ये गेले. त्यानंतरची तीसेक वर्षं आजीच कुटुंब चालवत होती, आणि चालवत होती म्हणजे खरोखर चालवत होती. पगार तिच्या हातात यायचे. कोणत्या नातवाने सैन्यातून सुटल्यावर काय करायचं यावर तिचं मत असायचं आणि ते न विचारता मिळायचं. सुनांना ती जड गेली. धाकट्या काकूने मला एकदा स्पष्ट सांगितलं, "तुला ती पत्रातून मिळाली, म्हणून तुला गोड लागते." खरं आहे. माझ्या वाट्याला आजी आली ती निळ्या हवाई पत्रांतून, किरट्या बाळबोध अक्षरांत, कडेकडेने आणि घडीवरसुद्धा लिहिलेली.

त्यांतलं एक पत्र माझ्याबद्दलचं आहे. मी जन्मले ती अशक्त, आणि आजीने दिमोनात बसून एलियाहू हन्नबीला, म्हणजे एलियाहू प्रेषिताला, नवस बोलला. फेडायचा मात्र खंडाळ्यात. लोणावळ्याजवळचं नव्हे, अलिबागजवळचं खंडाळा. तिथल्या खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा आहेत, तिथूनच तो स्वर्गात गेला, अशी आमच्या लोकांची श्रद्धा. माझ्या आईला आलेला हुकूम असा होता:

"मूल सहा महिन्यांचे झाले की खंडाळ्यास जाऊन मलिदा करणे. पोहे जाडे घेणे. पातळ घेतले तर लगदा होतो आणि एलियाहूपुढे लगदा ठेवणे बरे नव्हे. खोबरे तेथल्याच नारळाचे. खजूर, केळी आणि मिळतील ती फळे. गुलाब विसरू नये. चि. बाबाला रजा मिळत नाही हे कारण चालणार नाही, कारण नवस मी बोलले आहे आणि मला येता येत नाही."

मलिदा म्हणजे आमचा प्रसादच. भिजवलेले पोहे, खवलेलं ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळं. प्रत्येक फळावर वेगळा आशीर्वाद, सुवासाच्या वस्तूवर वेगळा, मग एलियाहूचं गाणं आणि सगळ्यांना वाटप. जगात दुसरे कुठले यहुदी हा विधी करत नाहीत. इस्रायलमध्ये आमचे लोक एलियाहूसाठी हैफाला कार्मेल डोंगरावरच्या त्याच्या गुहेत जातात, आजीही जाऊन आली होती. कोणता एलियाहू खरा, असं मी तिला भेटले तेव्हा विचारलं. 1992 मध्ये दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध पूर्ण जुळल्यानंतर जाणं-येणं सोपं झालं, तेव्हा मी पहिल्यांदा दिमोनाला गेले होते. ती म्हणाली, "कार्मेलला तो राहायचा. गेला तो आपल्याकडून." जणू स्टेशनवर सोडायला ती स्वतः गेली होती.

त्या मुक्कामात तिला जवळून पाहिलं. उंचीने माझ्या खांद्याएवढी. नऊवारी जाऊन गोल पातळ आलं होतं, त्यावर स्वेटर, पायात मुलाचे मोजे. गावात भारतीय दुकान निघालं होतं आणि तिथे जाडे पोहे, पापड, सगळं मिळत होतं, त्यामुळे मी ठाण्याहून वाहून नेलेल्या पिशव्यांकडे तिने शिष्टाचारापुरतं पाहिलं. एका गोष्टीवर मात्र ती हरखली. मी रेवदंड्याच्या बेथ एल मशिदीचे फोटो नेले होते. ते तिने निरखून पाहिले आणि म्हणाली, "भिंतीला चुना कोणी लावला? हात नीट फिरवला नाही."

2002 मध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली. लंडनच्या संशोधकांनी आमच्या पुरुषांच्या डीएनएची तपासणी केली होती, आणि जगभरच्या यहुदी पुरोहित घराण्यांत आढळणारी खूण बेने इस्राएलांमध्येही सापडली होती. बाबा भलतेच खूश. फोन लावून त्यांनी ती बातमी आजीला वाचून दाखवली. पलीकडून आधी काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "मला विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं." बाबांनी नंतर आम्हाला हा किस्सा विनोद म्हणून सांगितला. मला वाटतं ती चिडली होती. पुरुषांचं रक्त तपासून काय ते कळलं, मासे निवडणाऱ्या बायकांचं कोणी लक्षात घेतलं नाही.

2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. चांगलंच झालं, जन्म-मृत्यूच्या नोंदीत आणि शाळेच्या अर्जात 'इतर' लिहिण्याची कटकट गेली. ते वाचताना मला त्या टेबलामागच्या माणसाची आठवण झाली खरी.

आजी 2005 मध्ये गेली. दिमोनाच्या कबरस्तानात तिला ठेवलं. पुरचुंडी निघाली, आणि जेरुसलेमहून कोकणात आलेली, कोकणातून मुंबईला गेलेली आणि पंचेचाळीस वर्षं दिमोनात पेटीच्या तळाशी राहिलेली ती माती तिच्या उशाशी गेली. रब्बी तरुण होता. त्याने विचारलं, हे काय? काकांनी सांगितलं. तो म्हणाला, याची इथे गरज नाही. काका म्हणाले, गरज नाही हे आम्हालाही माहीत आहे.

सात दिवसांच्या सुतकात मी तिथे होते. लोक येत, जमिनीलगत बसलेल्या काका-आत्यांच्या हाताला हात लावून ओठांना नेत, आणि आजीच्या आठवणी सांगत. एक दुपार रिकामी मिळाली, तेव्हा आत्याने मला ही गोष्ट सांगितली. काकांसमोर तिने ती कधीच सांगितली नव्हती.

आत्याच्या लग्नानंतरच्या दारफाळणीच्या सणाला आजीने नेहमीसारखा कडक उपास केला. पांढरं नेसून दिवसभर मशिदीत बसली. त्या दिवशी देवाची माफी मागायची, पण देव फक्त त्याच्याशी केलेल्या चुका माफ करतो. माणसाशी केलेली चूक त्या माणसानेच माफ करावी लागते, आणि त्यासाठी त्याच्या दारात जावं लागतं. हे आजीने लहानपणी रेवदंड्यात ऐकलेलं. दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, ती सकाळीच आत्याला घेऊन बसमध्ये बसली आणि बीरशेबाला उतरली. कुठे जायचं ते सांगितलं नाही. काकांसाठी नाकारलेल्या त्या मुलीचं घर तिथे होतं.

मुलीच्या आईने दार उघडलं, पाहिलं, आणि लावून घेतलं.

पुढच्या शिळ्या सणाला आजी पुन्हा गेली. या वेळी दार उघडंच होतं. ती बाई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "तुमच्या मुलासाठी तुम्हाला माझी मुलगी चालली नाही. मग तुमची मुलगी त्या लोकांना चालेना. आता कळलं का?" आजी म्हणाली, "कळलं." आणि आजी-आत्या बसथांब्याकडे चालू लागल्या.

शास्त्र सांगतं की माफी तीनदा मागावी. त्यावरही नाही मिळाली तर मागणाऱ्याची जबाबदारी संपली. आत्याच्या मते आजी तिसऱ्यांदा गेली ती हा हिशेब पुरा करायला. मला तसं वाटत नाही, पण तिथे आत्या होती, मी नव्हते. तिसऱ्या वर्षी त्या बाईने दोघींना आत घेतलं. मुलगी तोवर लग्न होऊन हैफाला गेली होती, तिचा फोटो भिंतीवर होता. आजीने फोटोकडे पाहिलं आणि चांगली दिसते म्हणाली. मग दोन्ही म्हाताऱ्या तासभर बोलत बसल्या. नारळ इथे किती महाग, कार्पला वास किती, मोहल्ल्यातल्या कोणाचं काय झालं. चहा झाला. निघताना त्या बाईने डब्यात करंज्या घालून दिल्या. माफीचा शब्द दोघींपैकी कोणीच उच्चारला नाही.

परतीच्या बसमध्ये आत्याने विचारलं, "त्यांनी माफ केलं का गं?"

"ते तिला माहीत. मी मागितली."

थोड्या वेळाने आत्याने पुन्हा विचारलं, "आणि तू? त्या नोंदणीच्या माणसाला?"

आजीने डब्यातली करंजी काढून मोडली, अर्धी आत्याच्या हातावर ठेवली.

"तो आला की बघू."